ऑडिओग्राम एकदम क्लीन, तरी हॉटेलात समोरच्याचं बोलणं कळत नाही. ताशा वाजवणारे, तुमचं काय?

तर्री_पुणे ३०

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी ९ वर्षं पथकात आहे, पहिलं वर्ष ढोल, मग ताशा. वय २८. दिवसा आयटी आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने रोज संध्याकाळी नदीपात्र. सुरुवातीच्या वर्षांत सराव संपला की कानाला दडे बसायचे, घरी जाताना स्वतःच्याच गाडीचा आवाज लांबून आल्यासारखा वाटायचा, आई ताट वाढताना काय विचारतेय ते कळायचं नाही, नुसती मान हलवायची आणि मग नको असलेली भाजी खायची. सकाळी उठलो की दडे सुटलेले. सगळ्यांचंच व्हायचं त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही, उलट आमच्यात म्हणतात की काल दडे बसले नाहीत म्हंजे वादन झालंच नाही.

आता दीडेक वर्षापासून वेगळंच सुरू आहे. ऑफिसच्या कँटीनमध्ये पाच-सहा जण बसलो की समोरचा बोलतोय हे दिसतं, आवाज पण येतो, पण शब्द लागत नाहीत. सगळे हसले की मी पण हसतो. घरात शांतता असेल तर काहीच प्रॉब्लेम नाही, पलीकडच्या खोलीतला फोन व्हायब्रेट झालेला पण ऐकू येतो. आणि रात्री लाइट गेली, पंखा बंद पडला की कानात बारीक कुईऽऽ असा आवाज, जुना टीव्ही चालू ठेवल्यावर यायचा ना तसा.

मागच्या आठवड्यात ईएनटीकडे गेलो. मळ काढला, मग त्या काचेच्या केबिनमध्ये बसवून हेडफोन लावून टेस्ट केली, आवाज आला की बटण दाबायचं. एकूणएक आवाज ऐकू आला. रिपोर्टवर (त्यालाच ऑडिओग्राम म्हणतात) सगळे गोल नि फुल्या १५ डेसिबलच्या आसपास. डॉक्टर म्हणाले कान एकदम नॉर्मल, स्ट्रेस कमी करा, बी-१२ च्या गोळ्या दिल्या. खूश होऊन बाहेर आलो, तर काउंटरवरच्या बाई काचेपलीकडून काहीतरी बोलल्या, मागं टीव्ही चालू, दार उघडं असल्यानं रस्त्यावरचे हॉर्न, आणि मला तीनदा "काय?" विचारावं लागलं. शेवटी त्यांनी कॅल्क्युलेटरवर ६५० आकडा करून दाखवला. हातात नॉर्मलचा रिपोर्ट घेऊन मी पैसे किती ते विचारतोय!

हे माझ्या डोक्यातलं आहे का? अजून कुणाला असं होतंय? सराव येत्या रविवारी सुरू होतोय, जाऊ का नको?

ढोलवाला_काका

अरे बाळा २२ वर्षं वाजवलाय ढोल, विसर्जनाला सलग दहा-दहा तास, मला काय झालं नाय. तुमच्या पिढीला सगळ्याचाच आजार होतो. कानात कापूस घाल, रात्री दोन थेंब कोमट तेल सोड आणि वाजव बिनधास्त. डॉक्टरनं नॉर्मल सांगितलंय ना, मग इथं येऊन परत काय विचारतोस.

कर्णपिशाच्च

काका, माफ करा पण तेल अजिबात नको, आणि कापसानं आवाज नावापुरता कमी होतो, नुसतं समाधान. (आयडीवर जाऊ नका, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कॉलेजात मुलांनी ठेवलेलं नाव आहे.)

तर्री, डोक्यातलं नाहीये हे. निदान मी इथं बसून करणार नाही, पण तू जे लिहिलंयस ते इतकं ठरावीक आहे की वाचतानाच मान हलवत होते. जरा सविस्तर लिहिते.

तुझी जी टेस्ट झाली, पीटीए म्हणतो आम्ही, ती एकच गोष्ट विचारते, शांत खोलीत सगळ्यात बारीक कुठला आवाज तुला ऐकू येतो. तोसुद्धा २५० ते ८००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात. आता कानाच्या आत काय आहे बघ. आवाजाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणार्‍या आतल्या केसपेशी एका कानात साधारण साडेतीन हजार, आणि प्रत्येकीला मेंदूकडे जाणारे दहा-वीस तंतू चिकटलेले. तंतू सगळे सारखे नसतात. काही अगदी बारीक आवाजाला पण जागे होतात, तर काही आवाज मोठा झाल्यावरच कामाला लागतात, आणि गोंगाटातून बोलणं वेगळं काढायला हे दुसर्‍या प्रकारचे फार उपयोगी पडतात असं मानतात. मोठ्या आवाजानं आधी मार बसतो तो केसपेशी आणि तंतू यांच्यातल्या जोडाला, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की त्यातही हे दुसर्‍या प्रकारचेच जास्त गळतात.

तुझ्याच भाषेत सांगते. पथकात ४० ढोल आहेत, त्यातले २० घरी पाठवले. आता चौकाच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला विचार, ढोल वाजतोय का? तो हो म्हणेल. पीटीए एवढंच विचारते. वाजण्यात दम राहिलाय का, प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतोय का, हे ती विचारतच नाही.

हे उजेडात आलं २००९ साली. बॉस्टनच्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना १०० डेसिबलचा आवाज दोन तास ऐकवला. (दोन तास. तुमचा सराव किती वेळ असतो?) उंदरांना तुमच्यासारखेच दडे बसले, म्हंजे ऐकण्याची पातळी खाली गेली, आणि दोनेक आठवड्यांत पूर्ण भरून आली. केसपेशी शाबूत. आधीच्या हिशेबानं कान बरा झाला. पण त्यांनी ते जोड मोजले तर काही भागात निम्म्यापर्यंत कायमचे गेलेले होते, आणि पुढच्या महिन्यांत त्या जोडांमागचे मज्जातंतू पण हळूहळू सुकत गेले. तोवर आम्हाला शिकवलेलं होतं की दडा सुटला की विषय संपला. पुढं २०११ मध्ये लंडनच्या शेटे आणि मॅकअल्पाइन यांनी कानात आवाज येणार्‍या पण ऑडिओग्राम नॉर्मल असलेल्या बायकांचा बेरा (डोक्याला तारा लावून कानाच्या नसेपासून मेंदूकडे जाणारे सिग्नल मोजायची टेस्ट) काढला, तर कानाच्या नसेकडून येणारी पहिली लाट लहान निघाली. छुपा बहिरेपणा हे नाव तिथून रूढ झालं.

ताशाबद्दल वेगळं सांगते. कानात एक चिमुकला स्नायू असतो, मोठा आवाज आला की आकसून आवाज थोडा अडवतो. पण त्याला आकसायला वेळ लागतो, तोवर तुझी काडी पडून गेलेली असते. शिवाय तो अडवतो मुख्यतः खालचे, ढोलासारखे घुमणारे आवाज. ताशाची तर्री (ती सलग तडतड) आणि टोल (ठोकायची धातूची तबकडी) वरच्या पट्टीतले, ते सरळ आत. त्यात कानाची नळीच तीनेक हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज स्वतःहून वाढवते. त्यामुळे आवाजानं गेलेल्या कानाचा ऑडिओग्राम बहुतेक वेळा ४००० पाशी खड्डा दाखवतो. तुझ्यात तो अजून नाही, ही खरंच चांगली बातमी आहे.

पुढं काय करशील: ८००० च्या वरची ऑडिओमेट्री (९ ते १६ किलोहर्ट्झ), ओएई (केसपेशी नीट काम करतायत का ते बघणारी टेस्ट), बेरा, आणि गोंगाटात शब्द ओळखायची टेस्ट. गल्लीतल्या मशीनच्या दुकानात नको. ऑडिओलॉजीचं कॉलेज असतं तिथं कमी पैशात होतं, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. बी-१२ कमी असेल तर घे, पण त्यानं हे जोड परत येत नाहीत.

आणि सगळ्यांसाठी, एका कानानं अचानक, म्हंजे एका-दोन दिवसात ऐकू यायचं कमी झालं किंवा सोबत चक्कर आली तर दडा समजून थांबू नका, त्याच दिवशी ईएनटी गाठा. स्टेरॉइड लवकर सुरू केले तरच उपयोग असतो, महिन्याभरानं आलेल्याचं आम्ही फार काही करू शकत नाही.

शंकासुर

सगळं वाचलं, छान लिहिलंय ताई, पण उंदीर म्हंजे पुणेकर नव्हे. माणसाच्या जिवंत कानातले जोड मोजता येत नाहीत, आणि माझ्या वाचनाप्रमाणे माणसांवरचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. मँचेस्टरच्या गटानं २०१७ मध्ये नॉर्मल ऐकणारी शंभरावर तरुण मंडळी तपासली, आयुष्यात किती गोंगाट झेलला याचा हिशेब काढला, आणि बेराच्या पहिल्या लाटेशी त्याचा काही संबंध सापडला नाही. मग धागाकर्त्याला नुसतं घाबरवण्यात काय अर्थ आहे? झोप कमी, लक्ष नाही, मीटिंगमध्ये मन नाही यानं पण शब्द सुटतात. माझे तर लग्नानंतर सुटायला लागले.

कर्णपिशाच्च

:) रास्त आहे, म्हणून तर निदान करणार नाही म्हटलं. मँचेस्टरचा अभ्यास मला माहितीये, चांगला आहे. उंदराचा कान माणसापेक्षा नाजूक असतो हेही खरं. पण दुसरी बाजू पण बघा. २०१६ मध्ये लिबरमन यांच्याच गटानं कॉलेजातली मुलं तपासली, जास्त आवाजात वावरणारी एकीकडे (त्यात संगीत शिकणारी बरीच) आणि कान जपणारी दुसरीकडे. ८००० पर्यंतचा ऑडिओग्राम दोघांचा सारखाच. पण १० ते १६ किलोहर्ट्झमध्ये पहिला गट मागे, आणि गोंगाटात शब्द ओळखण्यात पण मागे. शिवाय मृत्यूनंतर दान केलेल्या माणसांच्या कानात केसपेशी जागेवर आणि तंतू गळालेले असं प्रत्यक्ष मोजलं गेलंय, वयानुसार ते वाढतं.

तेव्हा, होतं का, तर जवळजवळ नक्की होतं. तर्रीला तेच झालंय का, तर आज कुठलीच एक टेस्ट छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण दर संध्याकाळी दडे बसवून घ्यायला तेवढी खात्री कशाला हवी?

लीड्सकर

इथं यॉर्कशायरमध्ये एका हौशी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवतो, माझ्या मागं ट्रम्पेट. पहिल्या दिवशी खुर्चीवर नोटेशनसोबत इअरप्लगची डबी ठेवलेली होती, मला वाटलं कुणीतरी विसरलं.

इथल्या कायद्यात ८० डेसिबलच्या वर मालकानं प्लग उपलब्ध करून द्यायचे, ८५ च्या वर सक्तीचे. कारखान्यांना २००६ पासून होता, संगीतवाल्यांना दोन वर्षं जादा देऊन २००८ मध्ये लागू केला. आणि तो कागदावर राहत नाही. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमधला व्हायोला वाजवणारा ख्रिस गोल्डशायडर, २०१२ मध्ये वाग्नरच्या तालमीत ब्रासवाल्यांच्या (ट्रम्पेट वगैरे) पुढ्यात बसला होता, आवाजाचे शेंडे १३० डेसिबलच्या वर गेले आणि कान कायमचे दुखावले, वाजवणं सुटलं. २०१८ मध्ये कोर्टात जिंकला, २०१९ मध्ये अपिलातही निकाल त्याच्याच बाजूनं राहिला. संस्थेचं म्हणणं असं होतं की संगीत हाच आमचा माल, तो मोठ्यानं वाजणारच. कोर्टानं ते मानलं नाही.

पण आपल्याकडे पथकात मालक कोण? सगळे हौशी. २०२४ मध्ये हरित लवादानं एका पथकात ३० जणांची मर्यादा घातली नि सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर चार दिवस भांडण चाललं होतं, रुग्णालयं, म्हातारी माणसं, परंपरा, पुण्याचा अभिमान, सगळं निघालं. जो ताशा गळ्यात घालून सहा तास त्याच्या दोन फुटांवर उभा असतो त्याच्या कानाचं नाव एकानं काढलं नाही. मी पण नाही.

ढोलवाला_काका

मालक नाय हे बरोबर. आमच्या वेळी पथकप्रमुख ओरडून सांगायचा तेच ऐकू यायचं.

म्हापशेकर

गोव्यात लग्नाच्या नि फेस्ताच्या बँडमध्ये १४ वर्षं ड्रम्स वाजवतो. माझं सांगतो, शंकासुरांना किस्सा म्हणून सोडून देता येईल.

माझ्या उजव्या बाजूला क्रॅश सिंबल (मोठी झांज) आणि तिकडेच मॉनिटर, म्हंजे वाजवणार्‍याकडे तोंड केलेला स्पीकर. वर्षं जातील तसं मॉनिटर वाढव म्हणून सांगत गेलो, साउंडवाला वैतागायचा. एकदा चार दिवसांत पाच कार्यक्रम झाले, पाचव्या दिवशी कीबोर्डवाल्यानं सूर दिला आणि मला तो बेसूर वाटला. भांडलो त्याच्याशी. घरी येऊन फोनवर एकच सूर लावला, डाव्या कानाला धरला तर एक, उजव्या कानाला धरला तर किंचित चढा. दोन कान दोन सूर. असा घाबरलो की बायकोला पण सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी जुळले. त्या दिवसापासून प्लगशिवाय स्टेजवर चढत नाही.

तर्री, प्लगबद्दल दोन शब्द. ते पिवळे फोमचे येतात ते चांगले अडवतात पण वरचे सूर जास्त खातात, त्यामुळे ताशा गोधडीत गुंडाळल्यासारखा वाटेल आणि दहा मिनिटांत तू काढून खिशात टाकशील, सगळे हेच करतात. संगीतवाल्यांसाठी फिल्टरचे मिळतात, ते खालचं-वरचं जवळपास सारखंच कमी करतात, म्हंजे आवाज तोच, नुसता लांब गेलेला. साधे तयार येतात ते स्वस्त, कानाचा साचा घेऊन करतात ते महाग, त्यात ९, १५, २५ डेसिबलचे फिल्टर बदलता येतात. मी १५ चे वापरतो. आणि फोम वापरायचाच तर घालायची पद्धत शिकून घे, बोटांनी वळून बारीक वात करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायची आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायची. अर्धी बाहेर लोंबत असेल तर ती शोभेची.

इन-इअर मॉनिटर (कानात घालायचा) घेतला की प्रश्न मिटला असं समजू नका. बाहेरचा आवाज अडतो, आणि मग आमचे गायक आतला वाढवत बसतात.

देव बरें करूं.

कर्णपिशाच्च

म्हापशेकर, दोन कानांत दोन सूर हे खरंच होतं, त्याला नाव पण आहे, डिप्लाक्युसिस. किस्सा नव्हे. सूर जुळले हे नशीब.

त्या १५ डेसिबलला कमी समजू नका. अमेरिकेच्या नायोश या कामगारांच्या आरोग्याच्या संस्थेचा हिशेब असा की ८५ डेसिबलला आठ तास चालतील आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, आणि १०० ला पंधरा मिनिटं. म्हंजे १०० डेसिबलच्या सरावात दोन तास उभं राहिलं तर एका संध्याकाळी आठ दिवसांचा कोटा संपला. तेच १५ चा प्लग नीट बसला तर कानापाशी ८५, आणि सराव कोट्यात बसतो. फोनवरच्या अॅपनं मोजणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की फोनचा माइक मोठ्या, तडाखेबंद आवाजाला चोंदतो, आकडा कमीच दाखवतो.

ध्वज_अदिती

मी ध्वजात असते त्यामुळे वाजवत नाही, पण आम्ही पुढं नाचतो आणि सगळ्या ताशांची तोंडं आमच्या पाठीला! आमच्या पथकात मागच्या वर्षीपासून प्लग सुरू केले, कसे ते सांगते कारण पहिला प्रयत्न पार फसला होता.

पहिल्या वर्षी शंभर जोड्या फोमच्या आणल्या, वाटल्या, भाषण ठोकलं. तिसर्‍या दिवशी पाच जणांच्या कानात होत्या. तक्रार एकच, ताशाचा इशारा ऐकू येत नाही आणि हात (म्हंजे वाजवायचा ठेका) बदलताना चुकतं. आणि ते खरंच होतं, एकदा अख्खी मागची ओळ जुन्याच हातावर आणि पुढची नव्यावर, दीड मिनिट नुसता गोंधळ, समोरच्या गॅलरीतले लोक टाळ्या वाजवतायत, त्यांना वाटलं हेच वादन. मग ठरवलं की हात बदलायचा इशारा कानानं नाही तर डोळ्यानं घ्यायचा. पथकप्रमुख मध्ये उभा राहतो, वर हात करून बोटं दाखवतो, एक-दोन-तीन. वेळ लागला, पण बसलं. उलट आता मागची ओळ जास्त एकत्र वाजते कारण सगळे मान वर करून बघतात, आधी प्रत्येक जण आपल्या टिपरूकडे (ढोल वाजवायची काडी) बघत असायचा.

दुसरं म्हंजे जागा बदलत ठेवायच्या. टोलच्या शेजारी रोज तोच माणूस नको. सराव मोकळ्या नदीपात्रात असतो तिथं आवाज उडून तरी जातो, लक्ष्मी रोडला दोन्ही बाजूंच्या इमारती तोच आवाज परत आपल्यावर फेकतात, तिथं प्लग काढायचाच नाही असा नियम. आणि मध्ये पंधरा-वीस मिनिटं पाणी प्यायला थांबतो तेव्हा शेजारच्या मंडळाच्या स्पीकरपाशी जाऊन नाचायचं नाही, हा नियम मोडतात मेले.

बाकी बाबांच्या खांद्यावर बसून ताशाच्या तोंडापाशी येणारी दोन-तीन वर्षांची पोरं बघितली की माझा जीव वर-खाली होतो. त्यांच्या कानाचे मोठे हेडफोनसारखे मफ्स मिळतात हो, घ्या ना.

तर्री_पुणे ३०

मंडळी, पाच आठवड्यांनी येतोय, सॉरी. इतकं लिहिलंत सगळ्यांनी, मी काय काय केलं ते सांगायला हवं.

ऑडिओलॉजी कॉलेजच्या ओपीडीत गेलो. सकाळी ९ ला नंबर लावला, दुपारी २ ला बाहेर आलो. पीटीए पुन्हा नॉर्मल. मग वरचे आवाज. १० किलोहर्ट्झला ठीक, १२.५ ला बरंच मोठं करावं लागलं, आणि १६ ला उजव्या कानात कसंबसं, डाव्यात काहीच नाही. मी बटण हातात धरून बसलोय, काचेपलीकडची मुलगी माझ्याकडे बघतेय, मला वाटलं अजून सुरू व्हायचंय, आणि तिनं मान हलवली की झालं. आमच्यात टोल कायम माझ्या डावीकडे असतो.

मग गोंगाटातली टेस्ट. मागं बडबड आणि पुढं बाई शब्द सांगतायत, ते आपण परत म्हणायचे. सुरुवातीला माठ, पाट, काठ सगळं बरोबर, बडबड वाढली तसं मी पाटला काठ नि काठला माठ. अंदाजच मारत होतो शेवटी. ते ऐकताना जाणवलं की कँटीनमध्ये मी रोज हेच करतो, अंदाज. बेरात पहिली लाट लहानच आहे असं तिथल्या ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या, पण कर्णपिशाच्चताई म्हणाल्या तेच त्याही म्हणाल्या, माणसामाणसात ती इतकी कमी-जास्त असते की एकट्या त्यावरून जोड गेलेत असं लिहून देता येत नाही. कुईसाठी औषध नाही, रात्री पंखा किंवा बारीक आवाजात काहीतरी लावून झोपा, फारच त्रास झाला तर समुपदेशनाची पद्धत आहे म्हणाल्या. गेलेले जोड परत आणायचं औषध प्राण्यांत थोडंफार जमलंय, माणसांसाठी अजून बाजारात काही नाही.

सोडणार होतो पथक. खरंच. तीन संध्याकाळी गेलो नाही, घरी बसून नुसती बोटं टेबलावर वाजवत होतो, आई म्हणाली जा बाबा एकदाचा. मग म्हापशेकरांचं ऐकून फिल्टरवाले तयार प्लग मागवले. पहिल्या दिवशी वीट आला, स्वतःचा श्वास मोठ्यानं ऐकू येतो, घाम आला की सरकतात. दुसर्‍या दिवशी तसंच. चौथ्या-पाचव्या दिवशी एक मजा झाली, माझ्या डाव्या हाताची काडी उजवीपेक्षा हलकी पडते हे मला पहिल्यांदा ऐकू आलं. ९ वर्षांत नाही आलं कधी, सगळा नुसता एकच कल्लोळ असायचा. वस्ताद मात्र दर वर्षी ओरडायचे, डावा हात मेलाय तुझा, आणि मला वाटायचं उगाच खोड काढतात.

अदितीताईचं बोटांच्या इशार्‍याचं पथकप्रमुखाला सांगितलं. "बघू" म्हणाला. ताशातले आम्ही चौघं जण घालतोय सध्या, बाकीचे चिडवतात. टोलची जागा मात्र बदलली, आता तो मध्ये मागं असतो. कँटीनमध्ये भिंतीकडे पाठ करून कोपर्‍यात बसतो, थोडा फरक पडतो. आणि टीमला सांगून टाकलं की गर्दीत मला नीट कळत नाही, तर दोघं म्हणाले आम्हाला पण. त्यातला एक गिटार वाजवतो.

आता एक अडलंय. घामानं प्लग निसटतात, परवा एक मिरवणुकीत पडला नि कुणाच्या तरी पायाखाली गेला. दोरीवाले घ्यावेत का? दोरी ताशाच्या पट्ट्यात अडकेल असं वाटतंय.

ध्वज_अदिती

दोरीवालेच घे. पण दोरी मानेच्या मागून सोड आणि शर्टाच्या कॉलरला सेफ्टी पिननं टाच, फेटा बांधायच्या आधी. आणि एक जादा जोडी पथकप्रमुखाच्याच खिशात ठेवायला दे, आपोआप घालायला लागेल.

ढोलवाला_काका

कुठं मिळतात रे हे? आमच्या हिनं परवा टीव्हीचा रिमोट काढून घेतला माझ्याकडून, म्हणे खालच्या मजल्यावरच्यांना बातम्या ऐकू जातात. आणि ती वांद्र्याची संस्था, तिथं म्हातार्‍यांना घेतात का?

कर्णपिशाच्च

घेतात काका. सकाळी लवकर जा, नंबर लावावा लागतो. आणि तेल सोडून येऊ नका.